बर्मिंगहॅमचा नहर

हाउन्सलो,
२२ जून २०२५

प्रिय बाबा,
जय भीम.

आईनं फोटो काढून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. या खेपेला शेवटच्या दोन ओळींवर आईचा अंगठा आलाय. त्यामुळे डिसेंबरमध्ये माझ्या पदवीदानाला तुम्ही का येणार नाही, ते कारण अंगठ्याखाली गेलं. 'येणं होणार नाही' एवढं मात्र ठळक दिसतंय. कारण पुन्हा लिहून पाठवा, आणि ते पटण्यासारखं असू द्या.

पत्रांचं हे खूळ आता मला आवडायला लागलंय. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की घरमालकीण सुनेत्राताई वर येऊन विचारतात, "ऑल ओके ना गं? कोणाशी भांडतेस?" त्यापेक्षा 'तोंडी चालणार नाही, लेखी द्या' हा तुमच्या पाटबंधारे खात्याचा नियमच बरा.

आता कालची गोष्ट. काल मी आणि वैभवी बर्मिंगहॅमला जाऊन आलो. वैभवी म्हणजे माझ्या वर्गातली पुण्याची मुलगी, जिच्याबद्दल आईनं 'ती जेवते का नीट' असं दोनदा विचारलं होतं ती. जेवते, आणि माझ्याही ताटातलं जेवते. सकाळी हीथ्रोवरून कोच पकडला. उतरल्यापासून जे चालायला लागलो ते संध्याकाळपर्यंत. माझ्या दोन्ही टाचांना फोड आलेत आणि हे पत्र मी पाय कोमट पाण्याच्या टबात सोडून लिहितेय.

पण बाबा, ते शहर तुमच्यासाठी आहे. तिथे रस्त्यांच्या खालून, ऑफिसांच्या मागून, हॉटेलांच्या दारातून नुसते कालवेच कालवे. तिथले लोक अभिमानानं सांगतात की आमच्याकडे व्हेनिसपेक्षा जास्त लांबीचे कालवे आहेत. आपण नहर म्हणतो तसेच, पण या पाण्यावर एकही शेत भिजत नाही. दोनशे वर्षांपूर्वी कोळसा आणि लोखंड वाहायला खोदले, आता त्यात लोक लांबट होड्यांमधून सुट्टीला फिरतात. काही जण तर होडीतच घर करून राहतात, टपावर कोथिंबिरीच्या कुंड्या ठेवून. कोथिंबीर होती, मी वास घेऊन पाहिला.

आम्ही काठावर बसून चिप्स खाल्ले. म्हणजे अर्धे आम्ही आणि अर्धे बदकांपेक्षा मोठ्या एका पक्ष्यानं, ज्यानं वैभवीच्या हातातला कागदच ओढून नेला. मग मोठ्या लायब्ररीच्या गच्चीवर गेलो. तिथे बाग आहे आणि वरून सगळं शहर दिसतं. वैभवी तिथल्या बाकावर वीस मिनिटं झोपली. मी तुमच्यासाठी कालवे मोजायचा प्रयत्न केला, पण इमारतींच्या आड ते सारखे हरवत होते.

त्यानंतर मी जे केलं ते वाचून हसू नका. एका ठिकाणी कालवा उतारावरून खाली जातो. होडी काही उतारावरून घसरत जाऊ शकत नाही, म्हणून तिथे एकाखाली एक अशी तेरा लॉक्स आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. होडी हौदात घ्यायची, दारं लावायची, मग पाणी भरून तिला वर उचलायचं किंवा पाणी सोडून खाली न्यायचं. एक लॉक तर चक्क एका इमारतीच्या पोटाखाली आहे, अंधारात. तिथे पोचलो तेव्हा आसपास कोणी नव्हतं आणि वरच्या दाराची झडप सताड उघडी. पाणी धो धो चाललेलं. बाबा, माझा हातच शिवशिवला. लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकलंय, माणूस नाही आणि गेट उघडं आहे म्हणजे पाण्याची चोरी. आधी बंद कर, मग चौकशी कर. भिंतीवर लोखंडी हँडल पडलेलं होतं. मी ते लावलं आणि झडप बंद केली. वैभवी म्हणत होती, "रचना, डोन्ट टच, फाइन मारतील." पण पाणी थांबलं आणि मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात खालून, अंधारातून एका बाईचा आवाज आला, "एक्सक्यूज मी बॅब, माझं पाणी कुठं गेलं?" तिकडे अनोळखी मुलीलाही 'बॅब' म्हणतात. वाकून पाहिलं तर हौदाच्या तळाशी होडी, होडीत एक म्हातारी बाई, हातात चहाचा मग. ती वर येण्यासाठी पाणी भरण्याची वाट पाहत होती आणि मी तिचं पाणी तोडलं होतं.

मग लाइफ जॅकेट घातलेले एक आजोबा वरून धावत आले. कीथ त्यांचं नाव. रिटायर झाल्यावर लॉकवर फुकट मदत करतात. पुढचं लॉक तयार करायला गेले होते. आधी रागावले. मग म्हणाले, "पण तू हे बंद कसं केलंस? नव्या माणसाला हे हँडल धरताही येत नाही." मी म्हटलं, "माझे बाबा कालव्याचे चौकीदार होते. एकतीस वर्षं." ते एकदम सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "एकतीस? मला तर सहाच झाली." पुढची चार लॉक्स त्यांनी माझ्याकडूनच उघडून घेतली. तुम्ही कोणत्या बनावटीची गेटं चालवत होता, ते त्यांना कळवायचं आहे.

आता मुद्द्याचं. समारंभाला मला दोन पाहुण्यांची तिकिटं मिळतात. आईला तेव्हा अंगणवाडीची रजा मिळत नाही हे कळलं. तुम्ही या. बर्मिंगहॅम दाखवीन.

तुमची,
रचना

पवनी,
२९ जून २०२५

चि. रचनास,
जय भीम.

तुझे २२ जूनचे पत्र मिळाले. आईला अंगठ्याबद्दल सूचना दिली आहे. ती म्हणाली, मग स्वतः काढा फोटो.

पत्र दोनदा वाचले. गेट बंद करण्याअगोदर वर आणि खाली दोन्हीकडे पाहायचे असते. हेसुद्धा मी तुला सांगितले होते, तू अर्धेच लक्षात ठेवले. त्या बाईची माफी मागितलीस की नाही ते लिहिलेले नाही.

कीथ साहेबांना कळव की आमची गेटे उभी सरकणारी, लोखंडी, स्क्रूवर चालणारी. पावसाळ्याआधी ग्रीस द्यावे लागते. ग्रीस नसले की दोन माणसांना हलत नाहीत. त्यांच्याकडे एका होडीला किती पाणी लागते? ते पाणी वर परत येते की गेले ते गेले? तेराव्या लॉकवाल्याला पुरते का? आपल्याकडे सगळे भांडण टेलच्या माणसाचे असते. नहराच्या तोंडाशी असलेला पोटभर घेतो आणि शेवटच्या माणसाच्या धानाला भेगा पडतात. मी पाणी सोडण्याच्या पाळीच्या दिवसांत टेलवरच, नहराच्या शेवटाशी, जाऊन बसायचो, म्हणजे वरचे लोक घाबरून राहत. माझा आजा गावच्या विहिरीवर कुणी वरून ओतून देईपर्यंत ओंजळ धरून थांबत असे. त्याच गावच्या बाराशे एकरांचे पाणी माझ्या हातात होते, आणि मी त्यात कुणाची जात पाहिली नाही, ओतून न देणाऱ्यांच्या नातवांचीसुद्धा नाही. हे तुला माहीत आहे, तरी लेखी असावे म्हणून लिहिले.

समारंभाचे. अंगठ्याखाली काय होते ते पुन्हा लिहितो. डिसेंबरात धान घरी आलेले असते, ते सोडून येता येत नाही. थंडी मला सोसत नाही. कानाने ऐकू येत नाही. आणि तिथे मोठमोठे लोक असतील, मी तिथे शोभणार नाही. तू आपला फोटो पाठव, मी फ्रेम करून बैठकीत लावीन.

टाचांना खोबरेल लाव.

बबन

हाउन्सलो,
६ जुलै २०२५

प्रिय बाबा,
जय भीम.

माफी मागितली होती. त्या बाईंनी उलट मला बिस्किट दिलं. एका होडीमागे सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं असं कीथ म्हणाले होते. बाकी प्रश्न त्यांना ईमेलनं विचारलेत.

धानाचं आणि थंडीचं कारण मी फेटाळते. धान यंदा काकांकडे आहे, हे आईनं मला सांगितलंय. 'शोभणार नाही' हे मात्र मला रात्रंदिवस टोचतंय. हे तुमच्या मनात कोणी घातलं ते मला ठाऊक आहे असं वाटतं, म्हणून आज लिहिते. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

मी नववीत होते. पवनीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, मला विज्ञानाचं पहिलं बक्षीस होतं. तुम्ही येणार नाही असं म्हणाला होता, कारण पाण्याची पाळी चालू होती. आणि ऐन वेळी आलात. सरळ नहरावरून, खाकी कपड्यांत, गुडघ्यापर्यंत चिखल. मंडपाच्या खांबाजवळ उभे राहिलात. मी मैत्रिणींबरोबर होते. तहसीलदारांची मुलगी होती त्यात. तिनं विचारलं, "ते कोण गं? तुझ्याकडेच बघताहेत." आणि मी म्हटलं, "आमच्या गावचे आहेत."

तुम्ही जेमतेम चार पावलांवर होता. मला वाटतं तुम्ही ऐकलं. कारण त्यानंतर माझ्या कुठल्याच समारंभाला तुम्ही आला नाहीत. कॉलेजच्या नाही, नोकरीच्या निरोपाच्या नाही. दर वेळी पाळी, धान, थंडी. मी पण कधी जोर केला नाही. मला त्याची लाज वाटते, बाबा. तुमची नव्हे, माझी.

बर्मिंगहॅमला कीथना मी सांगितलं ना, ते बाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदाच सांगितलं होतं. इथे सगळ्यांना 'फादर गव्हर्नमेंट सर्व्हिसमध्ये होते' एवढंच सांगत आले. पण त्या दिवशी दमून, पाय दुखत असताना, इतक्या आनंदात ते तोंडून आपोआप निघालं आणि मला वाटलं, हे किती सोपं होतं.

तुम्ही ऐकलं होतं का? लेखी उत्तर द्या. रागावलात तरी चालेल.

रचना

हाउन्सलो,
२७ जुलै २०२५

बाबा,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. आई म्हणते रोवणी चालू आहे, शेतावर असतात. फोनवर ती तेवढंच म्हणते आणि भाजी काय केली ते विचारते. तुम्ही रोवणीच्या दिवसांतही पत्र टाकायचा, हे मला माहीत आहे.

कीथचं उत्तर आलंय. त्यांना तुमचा स्क्रूच्या गेटचा फोटो हवा आहे. मिळाला तर पाठवा. नाही पाठवला तरी काही तरी लिहा, एक ओळ चालेल. मी प्रबंधाचं लिहायला बसते आणि पानावर खाकी शर्ट दिसतो. तो विषय काढायला नको होता असं वाटायला लागलंय.

रचना

पवनी,
१७ ऑगस्ट २०२५

चि. रचनास,
जय भीम.

तुझी ६ आणि २७ जुलैची दोन्ही पत्रे मिळाली. उत्तरास विलंब झाला. रोवणी होती हे खरे आहे, आणि मी नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे जात होतो हेही खरे आहे. तीन खेपा झाल्या. कानात घालायचे मशीन घेतले. आई म्हणते, इतकी वर्षे मी बोलत होते ते वाया गेले, आता पुन्हा पहिल्यापासून सांगते. आठ दिवस झाले, ती सांगते आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. मला काही ऐकू आले नव्हते. गेटाखालच्या धबधब्यापाशी जन्म गेला, कान तेव्हापासूनच गेलेले होते. मी त्या दिवशी तुझे बक्षीस बघत होतो. काचेच्या पेटीत घड्याळ होते. नंतर पाळीवर परत जायचे होते म्हणून थांबलो नाही. तेव्हा या गोष्टीचे ओझे वाहू नकोस. चौदा वर्षांची पोर काहीबाही बोलते, त्याची नोंद ठेवायची नसते.

इतर समारंभांना आलो नाही कारण मला गर्दीत बोललेले कळत नव्हते. कुणी काही विचारले आणि मी भलतेच उत्तर दिले तर तुझे हसे होईल, हीच भीती. 'शोभणार नाही' याचा अर्थ एवढाच.

आता मशीन आहे. तर येतो. पासपोर्ट काकाबरोबर लंकेला बौद्ध स्थळे बघायला जाण्यासाठी काढला होता, तो अजून चालतो. व्हिसाचा फॉर्म कसा भरायचा ते लिही. त्यात 'व्यवसाय' या रकान्यात काकाने 'निवृत्त शासकीय कर्मचारी' लिहायला सांगितले आहे. मी 'नहर चौकीदार, निवृत्त' लिहिणार आहे. ते इंग्रजीत कसे लिहायचे ते कळव.

गेटाचे दोन फोटो सोबत. त्यातला उजवीकडे दिसतो तो अंगठा आईचा.

बबन

हाउन्सलो,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबा,
जय भीम.

पत्र वाचून मी बसच्या वरच्या मजल्यावर रडले. शेजारच्या शीख आजींनी टिश्यू दिला आणि विचारलं, परीक्षेचा निकाल का? मी हो म्हटलं, पास झाले. दहा वर्षं मी उगाचच मनाला लावून घेतलं होतं तर. तुम्ही ऐकलंच नव्हतं. किती बरं वाटतंय ते कागदावर मांडता येत नाही.

फॉर्म मी इथून ऑनलाइन भरते, तुम्ही फक्त कागद पाठवा. इंग्रजीत 'कॅनल गेट ऑपरेटर, रिटायर्ड' लिहूया. कीथ म्हणाले तेच बरोबर आहे.

सामानात लोणचं आणलंत तर डबल पिशवीत. स्वेटर दोन, कानटोपी एक. मशीनचे जास्तीचे सेल आठवणीनं घ्या. विमानतळावर मी दाराशीच उभी असेन, तुम्हाला कुणाला काही विचारायची वेळ येणार नाही. सुनेत्राताईंनी खालची खोली तुमच्यासाठी मोकळी केलीय आणि पिठलं कसं करायचं ते मी त्यांना शिकवतेय.

तुमची,
रचना

हाउन्सलो,
१४ डिसेंबर २०२५

चि. रचनास,
जय भीम.

तू विमानतळावरच्या दुकानात कामावर गेली आहेस. संध्याकाळी माझे विमान आहे. सुनेत्राबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितो. तू परत येशील तेव्हा आपल्याला निघायची घाई असेल, आणि काही गोष्टी मला तोंडाने सांगता येत नाहीत. म्हणून लेखी. मी विमानात बसल्यावर वाच.

आठवडाभरात पुष्कळ पाहिले. गुरुवारी बर्मिंगहॅमला तेरा लॉक्स वरून खाली चालत गेलो आणि पुन्हा वर आलो. तू म्हणत होतीस बाबा दमाल, पण दमलीस तूच. कीथ साहेबांनी थंडीत माझ्यासाठी यावे याचे मला अप्रूप वाटले. त्यांचे बोलणे मला कळत नव्हते, माझे त्यांना नाही, तरी अर्धा तास आम्ही झडपेच्या दात्यांवर बोललो. त्यांची ग्रीस देण्याची पद्धत चुकीची आहे. मी हाताने दाखवले, त्यांनी फोटो काढून घेतला. दुपारी काठावर बसून तू दिलेले गरम चिप्स खाल्ले. पाणी काळे आणि शांत होते, कोणाच्या शेतावर जायचे नसल्यामुळे त्याला घाई नव्हती. मला तिथे फार बरे वाटले. आईला हे सगळे सांगताना मशीन काढून ठेवावे लागेल, कारण ती मध्येच विचारेल, जेवायला काय होते.

आता मुख्य. ऑगस्टच्या पत्रात मी तुला खोटे लिहिले. तू नववीत होतीस तेव्हा माझे कान ठणठणीत होते. कान नंतर गेले. त्या दिवशी मांडवात मी ऐकले होते.

तू इतक्या दूर एकटी होतीस, प्रबंध डोक्यावर होता. 'हो, ऐकले' असे लिहिले असते तर तू ते पत्र घेऊन कुठे बसली असतीस? सहा आठवडे हाच विचार केला आणि खोटे लिहिले. सरकारी नोकरीत एकतीस वर्षे खोटी नोंद केली नाही, ही एकच.

राग नव्हता. वाईट वाटले होते, त्यात खोटे बोलणार नाही. सायकलवरून परत जाताना टेलपर्यंत न थांबता गेलो आणि गेटावर बसून राहिलो. त्यानंतर तुझ्या समारंभांना यायची हिंमत झाली नाही. तू पुन्हा तसे म्हणशील म्हणून नाही, तुला तसे म्हणावे लागू नये म्हणून.

आज लिहितो कारण आता ते दुखत नाही. मंगळवारी सकाळी समारंभाला निघण्याआधी तू साडीच्या निऱ्या करत होतीस, तेव्हा मी मशीनचा सेल बदलला. जुना अजून चालत होता. पण त्या सभागृहात तू माझ्याबद्दल लोकांना काय सांगतेस, त्यातले एक अक्षर सुटू नये असे मला वाटत होते. खरे म्हणजे भीती वाटत होती.

काळा झगा घातलेल्या, तुला शिकवणाऱ्या बाई आल्या. तू माझा हात धरून पुढे ओढलास आणि बोललीस. गर्दी होती, टाळ्या होत्या, तरी स्पष्ट ऐकू आले. 'धिस इज माय फादर.' एवढे इंग्रजी मला येते.

बबन